चढली, उतरली आणि राहिली ती फुणफुण

मधुमालती

परवा भाचा अभ्यासाला बसला होता. "खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा," असं त्याने मोठ्याने वाचलं, आणि स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "परिच्छेद म्हण रे. या घरात तो शब्द नको." भाचा माझ्याकडे बघतच राहिला. त्याला काय सांगणार?

आमच्याकडे उतारा म्हणजे बाबांचा सकाळचा स्टीलचा पेला. रात्रीची उतरावी म्हणून सकाळी थोडी घ्यायची. शिलाई मशीनच्या मागे बाटली असायची. हात इतके थरथरायचे की पेला दोन्ही हातांनी धरावा लागे, आणि त्याची कड दातांवर टकटक वाजायची. मला सहावी-सातवीत तेवढ्या आवाजाने जाग यायची. पिऊन झालं की पेला विसळून, पुसून, उपडा ठेवायचे. त्या बाबतीत माणूस फार टापटिपीचा.

तर त्या रात्री मला झोप लागेना आणि मी या शब्दाच्या मागे लागले. विंचवावर उतारा असतो. दृष्ट लागली की तिठ्यावर भात-नारळ ठेवतात, तोही उतारा. आणि दारूवरचा उतारा दारूच. उलट बाजूला चढणं. ताप चढतो, विष चढतं, दारू चढते. म्हणजे आपल्या भाषेने दारूला कधीच पेयांत धरलं नाही, विष आणि भुताखेतांच्या रांगेत बसवलं. शिवाय व्याकरण बघा. पितो 'तो', पण चढते 'ती'. पहिल्या घोटानंतर वाक्याचा कर्ताच बदलतो. पुढे तर त्याला तलफ येते, त्याला चटक लागते, त्याला व्यसन जडतं. माणूस चतुर्थीत जाऊन बसतो, 'ला' प्रत्यय लावून.

नाथांचं विंचवाचं भारूड सगळ्यांना माहीत आहे. 'काम क्रोध विंचू चावला, तम घाम अंगासी आला.' लहानपणी देवळात बघितलं तेव्हा ती लोळणारी, किंचाळणारी बाई बघून आम्ही पोरं हसून हसून दमलो होतो. आता वाचताना मी शेवटाशी थांबले. सत्त्वाचा उतारा दिला, तमोगुण सारला, विंचू उतरला, आणि तरी नाथ लिहितात, 'किंचित राहिली फुणफुण'. फुणफुण म्हणजे डंख उतरल्यावरही उरणारी बारीक ठसठस. व्यसन सुटण्याबद्दल इतका खरा शब्द मी दुसरीकडे वाचलेला नाही. (पुढच्याच चरणात जनार्दनस्वामी ती शांत करतात, हे मान्य. पण आधी ती 'राहिली' हे नाथांनी लपवलेलं नाही.)

तुमच्या वाचण्या-ऐकण्यात व्यसनाच्या, आतल्या ओढाताणीच्या अशा कुठल्या प्रतिमा आहेत? सुंदर नकोत. खऱ्या हव्यात.

तिरकस

पहिला नंबर माझा!

पुरुषमंडळींच्या शब्दकोशातलं माझं योगदान घ्या. 'आज बसायचं का?' हा मराठीतला सर्वात यशस्वी अलंकार आहे. नंतर उभं राहता येणार नाही याची आगाऊ सूचना. तसंच 'घेता का?' काय घेता हे विचारायचं नाही. शिवाय तीर्थ, औषध, कार्यक्रम. आमच्या ऑफिसात एक साहेब 'अभिषेक' म्हणायचे. दारूला दारू न म्हणण्यात आपल्या लोकांनी जेवढी प्रतिभा खर्च केली, तेवढ्यात दोन महाकाव्यं झाली असती.

मधुमालती

@तिरकस, तुमच्याकडे 'बसणं', आमच्याकडे 'त्यांना जरा बरं नाहीये'. दार अर्धवट उघडून आई हे वाक्य म्हणायची. पोस्टमनला, शेजाऱ्यांना, एकदा तर माझ्या बाईंना. बसण्याचा आणि बरं नसण्याचा माणूस एकच.

नाट्यखुळा

या धाग्यावर 'एकच प्याला' यायला इतका उशीर? गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणलं. पदं गडकऱ्यांची नाहीत, ती वि. सी. गुर्जरांची.

सगळे सुधाकराच्या भाषणांबद्दल बोलतात. मला मात्र नावातला 'एकच' सर्वात भयंकर वाटतो. सुरुवातीला तो माप आहे. वकिलीची सनद काही काळ गेलेली, अपमानाने पेटलेला हुशार माणूस, आणि शेजारी तळीराम. दुःख विसरायला फक्त एक. प्रत्येक पिणाऱ्याच्या तोंडी असतो तोच हा 'एकच'. शेवटी येतो तेव्हा शब्द तोच, पण आता घर, बायको, मूल सगळं जाऊन उरलेला एकच, आणि त्यात विष. कुठलीही उपमा नाही, रूपक नाही. एका साध्या विशेषणाचा अर्थ पाच अंकांत हळूहळू उलटा केलाय. याला म्हणतात लेखणी.

दुसरी गोष्ट तळीरामाचं आर्यमदिरामंडळ. तो काळ सभा, मंडळं, ठराव, सुधारणा यांचा. गडकऱ्यांनी ती सगळी भाषा उचलून दारुड्यांच्या तोंडी दिली. प्रेक्षक पोट धरून हसतो आणि हसता हसता त्याच्या लक्षात येतं की पिणाऱ्याला तत्त्वज्ञान कधी कमी पडत नाही. तिरकसरावांचे 'अभिषेक'वाले साहेब या मंडळाचे आजीव सभासद असणार.

अवांतर: बालगंधर्व सिंधू करायचे. भरजरी शालूंसाठी प्रसिद्ध असलेला नट ठिगळाच्या लुगड्यात उभा, आणि समोरून 'वन्स मोअर'. नवऱ्याच्या दारूने उद्ध्वस्त झालेली बाई रडतेय आणि थिएटर म्हणतंय, अजून एकदा! म्हणजे 'एकच' कुणालाच पुरत नव्हता.

रानभेंडी

नाट्यखुळा, प्रतिसाद आवडला, पण सिंधूचं काय करायचं ते सांगा. 'कशि या त्यजू पदाला' ऐकायला गोड आहे. मला ते पद ऐकवत नाही. व्यसन सुधाकराचं आणि चटक सिंधूला, त्या पायांची. दोघांचीही सुटत नाही. फरक इतकाच की त्याच्या व्यसनाला नाटक व्यसन म्हणतं आणि तिच्या व्यसनाला पातिव्रत्य.

माझी आत्या अशीच गेली. ती दळण दळत नव्हती, शिवणकाम करायची, एवढाच बदल. तिच्या तेराव्याला लोक तिला 'अगदी सिंधू हो' म्हणाले, आणि मला ताट भिरकावून द्यावंसं वाटलं.

नाट्यखुळा

@रानभेंडी, यावर माझ्याकडे उत्तर नाही. 'काळाचं बंधन' वगैरे म्हणता येईल, पण तुमच्या आत्याचं वाचल्यावर म्हणवत नाही. एक मात्र नोंदवतो. सिंधूला परक्यांची दळणं दळताना दाखवलंय. दारूच्या गोष्टीत पीठ आणून ठेवणं, घरात आज दाणा नाही हे रंगमंचावर दाखवणं, हे कमी नाही. शरच्चंद्रांचा देवदास १९१७चा, म्हणजे जवळजवळ त्याच वेळचा. त्यात दारू आहे ती विरहाची. देवदासच्या घरात चूल कोण पेटवतं हा प्रश्नच येत नाही, जमीनदारच तो. म्हणून तर 'देवदास झालाय' हे आजही कौतुकाने म्हणतात. 'सुधाकर झालाय' असं कुणी कौतुकाने म्हणतं का?

पाणिनीचा शेजारी

देवदास, सुधाकर सगळे कालचे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं चौतिसावं सूक्त काढा. अक्षसूक्त, १४ ऋचा, बोलणारा जुगारी. दारू नाही, फासे आहेत. बेहड्याची फळं फासे म्हणून वापरत, म्हणून त्यांना 'बभ्रू' म्हटलंय, तपकिरी. (ब्राऊन शुगरची ओढ किती जुनी आहे पाहा.)

नवव्या ऋचेत तो म्हणतो, 'अहस्तासो हस्तवन्तं सहन्ते'. यांना हात नाहीत, पण हे हातवाल्याला लोळवतात. आणि लगेच, 'शीताः सन्तो हृदयं निर्दहन्ति', थंडगार असून काळीज जाळतात. बिनहाताचे, थंड निखारे. मधुमालतींचं 'पितो तो, चढते ती' हे व्याकरण तिथे आधीच आहे.

पण मला जास्त हलवतो तो घरचा भाग. सासू द्वेष करते, बायको जवळ येऊ देत नाही. आई, बाप, भाऊ म्हणतात, 'न जानीमो नयता बद्धमेतम्': आम्ही याला ओळखत नाही, बांधून न्या. तो ठरवतो की आता मित्रांबरोबर जायचं नाही. तेवढ्यात पटावर फाशांचा आवाज होतो आणि हा निघतो, संकेतस्थळी निघालेल्या अभिसारिकेसारखा. दुसऱ्यांची बायको, दुसऱ्यांचं नीटनेटकं घर बघून त्याच्या पोटात कालवतं. सकाळी तपकिरी घोडे जुंपणारा संध्याकाळी विस्तवाशेजारी कोसळतो.

तेराव्या ऋचेत उपदेश येतो, फासे खेळू नको, शेती कर. पुष्कळ लोक तिथेच थांबतात, पाठ्यपुस्तकी समाधान मिळतं. पण सूक्त तिथे संपत नाही. चौदाव्या ऋचेत तो फाशांनाच विनवतो, आमच्याशी मैत्री करा, तुमचा राग शमू दे, या बभ्रूंच्या पाशात दुसरा कुणीतरी सापडू दे. दुसरा कुणीतरी! फासे नाहीसे होवोत असं तो मागत नाही. ते असणारच, हे तो धरून चालतो.

जाता जाता: संस्कृतात 'व्यसन' म्हणजे मुळात संकट, आपत्ती. कौटिल्याच्या आठव्या अधिकरणात राज्यावर येणारी व्यसनं आहेत, त्यात पूर आणि दुष्काळही बसतात.

रानभेंडी

"आम्ही याला ओळखत नाही, बांधून न्या." हे वाचून दोन मिनिटं मोबाइल खाली ठेवला. वेदातल्या त्या आईला कुणी सिंधू म्हटलं नाही, बरं झालं.

पांढरा कोट

वाचतोय. रोज हेच पेशंट बघतो म्हणून थोडं लिहितो.

मधुमालतींच्या बाबांचा सकाळचा पेला म्हणजे शरीर दारूवर अवलंबून झाल्याची खूण. रात्रभरात पातळी घसरते, सकाळी हात थरथरतात, घाम फुटतो, जीव घाबरा होतो आणि एक घोट गेला की थांबतं. म्हणून दारूवर दारूचा उतारा लागू पडतो, आणि तोच सापळा आहे. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते. दोन-चार दिवसांत काहींना भ्रम होतात, अंगावर किडे चालताना दिसतात, आणि हे जिवावर बेतू शकतं. तेव्हा घरच्यांनी शपथ घालून, खोलीत कोंडून सोडवू नये, दवाखान्यात आणावं.

'तम घाम अंगासी आला', 'सर्वांगाचा दाह झाला' ही मला वॉर्डातली टिपणं वाटतात. अर्थात नाथ काम-क्रोधांबद्दल बोलत होते, दारू सोडण्याबद्दल नाही, त्यामुळे यावरून संतांना सगळं ठाऊक होतं छापाचे फॉरवर्ड करू नयेत ही विनंती.

एडिसनकर

आमच्या कॉलेजच्या दिवसांतलं एक गाणं टाकतो, तुम्हाला गोंगाट वाटेल. मेटॅलिकाचं 'मास्टर ऑफ पपेट्स', १९८६. त्यात बोलतंय कोण, तर ड्रग स्वतः. मी सूत्रधार, तू कळसूत्री बाहुली, मी दोऱ्या ओढतो. अक्षसूक्तात फासे बोलत नाहीत, फक्त आवाज करतात, आणि मला वाटतं तेच जास्त भीतिदायक आहे. बोलणाऱ्या राक्षसाशी निदान भांडता तरी येतं.

आणि एक प्रश्न: शेरोशायरीतली शराब, साकी, मयखाना यांचं काय? माधव जूलियनांनी उमर खय्याम मराठीत आणला, तिथली द्राक्षकन्या कुठल्या रांगेत बसवायची?

पाणिनीचा शेजारी

ती वेगळी रांग. फारसी-उर्दू परंपरेत मद्य हे पुष्कळदा ईश्वरी धुंदीचं रूपक आहे. तिथे प्याला व्यसनाबद्दल बोलतच नाही.

तिरकस

रूपक असेल हो, पण आमच्या वाडीतले एक काका रूपकच प्यायचे आणि गटारात वास्तव सापडायचं. तुमची सुफी धुंदी कबूल. पण तीच गझल बारमध्ये लावतात, तेव्हा ईश्वर ग्लासात नसतो.

पाणिनीचा शेजारी

😀 हा वाद मी हरलो.

रानभेंडी

विषय पुस्तकातून थोडा बाहेर काढते. आमच्या भागात दारू दुकानाविरुद्ध बायकांचं मतदान झालं होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं: उभी बाटली आणि आडवी बाटली. उभी म्हणजे दुकान चालू राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. मतदारयादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला तर दुकान बंद. यादीतल्या, मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे. म्हणून एकेका म्हातारीला हाताला धरून नेलं होतं.

ज्याने कुणी ती चित्रं ठरवली त्याला वाटलं असेल, निरक्षर बायकांना कळायला सोपं. पण बायकांनी त्याचा केव्हाच वाक्प्रचार करून टाकला. 'बाटली आडवी केली.' इतकी वर्षं आडवा पडायचा तो नवरा, आता बाटली आडवी. माझी आई सही करायला अडखळायची, पण हा श्लेष तिने मला हसत हसत स्वतः समजावून सांगितला. नंतर चार किलोमीटरवर दुसरं दुकान निघालं, ते वेगळं.

मधुमालतींनी खऱ्या प्रतिमा मागितल्या म्हणून सांगितलं. बाकी सगळ्या प्रतिमा पिणाऱ्याच्या घशात उभ्या राहून केलेल्या आहेत, ही घराच्या दारात उभी राहून केलेली.

चौथी सीट

बरेच वर्षांचा वाचनमात्र. आज लॉगिन केलं.

मी मद्यपी आहे. हे वाक्य व्यसनमुक्तीच्या मीटिंगमध्ये अनेकदा म्हटलंय, इथे पहिल्यांदा. नऊ वर्षं झाली, पण आम्ही वर्षं मोजत नाही असं म्हणतो (आणि सगळे गुपचूप मोजतो). आमच्याकडे 'कायमची सोडली' हा शब्दप्रयोग चालत नाही. 'फक्त आजचा दिवस'. आधी मला ते बायकी नाजूकपणाचं वाटलं होतं. मग लक्षात आलं की हे तर नाट्यखुळा म्हणतात त्या 'एकच'चं उलट टोक आहे. पितानाही एकच मागत होतो, आताही एकच मागतो. तेव्हा प्याला, आता दिवस.

केंद्रात होतो तेव्हा गर्द ओढणारी पोरं शेजारच्या कॉटवर. माल नाही मिळाला की अंग मोडून येतं, नाक-डोळे गळतात, त्याला ती 'टर्की' म्हणायची, इंग्रजीतल्या 'कोल्ड टर्की'वरून. 'मला टर्की लागलीय' म्हणत एक जण रात्रभर गुडघे पोटाशी घेऊन कॉटच्या दांडीवर हळूहळू डोकं आपटत होता. त्याला टर्की म्हणजे पक्षी हे माहीतच नव्हतं. मी सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे कोंबडी? आयला, कोंबडीच करते आपली." त्या रात्री आम्ही दोघं हसलो. साहित्य म्हणाल तर माझ्यासाठी तेच.

आता फुणफुण. मला ती दुःखात येत नाही. ती पहिला पाऊस पडला की येते, भज्यांच्या वासाबरोबर. मॅच जिंकली की येते. आनंदात येते म्हणून घरच्यांना कळत नाही. बायको विचारते, "एवढा छान मूड आहे, मग एकदम गप्प का झालास?" तिला सांगायला शब्द नव्हता. हा धागा काल रात्री तिला वाचून दाखवला. फुणफुणपाशी आल्यावर तिने नुसतं विचारलं, "आत्ता आहे?"

होती. सांगितलं. मग तिने चहा टाकला.

पांढरा कोट

@चौथी सीट, लिहिलंत हे फार बरं केलंत. आनंदातली तलफ पेशंट कधीच आपणहून सांगत नाहीत. तुमची हरकत नसेल तर 'फुणफुण' हा शब्द मी ओपीडीत वापरणार आहे. 'तलफ येते का?' विचारलं की सगळे 'नाही' म्हणतात.

चौथी सीट

वापरा की. माझा थोडाच आहे, नाथांचा आहे.

तिरकस

वाखू (वाचनखूण) साठवली. आज विनोद नाही.

मधुमालती

सगळ्यांचे आभार. चौथी सीट, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही.

बाबांनी शेवटची चार वर्षं सोडली होती. हे मी वर लिहिलं नाही, कारण मला ती चार वर्षं नीट आठवतच नाहीत. आठवतात ती आधीची. पण आई काल म्हणाली, भाजी आणायला जाताना ते वाण्याच्या दुकानापुढे रस्ता ओलांडायचे आणि पुढे पुलापाशी परत अलीकडे यायचे. मध्ये गुत्ता होता. रोज. भर उन्हात, पिशवी घेऊन. ती वैतागायची, "सरळ चालता येत नाही का तुम्हाला?" प्यालेल्या माणसाला म्हणतात तेच वाक्य. ते म्हणायचे, "पलीकडे सावली आहे."

आई म्हणते, पलीकडे सावली नव्हती.

रानभेंडी

…

नाट्यखुळा

मधुमालती, भाच्याचा उतारा कशावर होता?

मधुमालती

मधमाश्यांवर. त्याने 'उतारा' खोडून 'परिच्छेद' लिहिलं आणि बाईंनी त्याखाली लाल रेघ मारली. आई आता शाळेत जायचं म्हणतेय.